कॅप्टनचं नाक

राजमा आज पुन्हा खारट झाला होता.

छोटीने पहिला घास तोंडात घेतला, जरा वेळ तसाच धरून ठेवला आणि डोळे मिटून गिळून टाकला. समोर तिची मुलगी भिंगरी पाण्याच्या तांब्याकडे अशी बघत होती, जशी काही वाळवंट तुडवूनच जेवायला बसलीय. ओट्यापाशी कॅप्टन उभे होते. खांद्यावर फडकं, हातात डाव, छाती पुढे.

"कसं झालंय?"

"छान," छोटी म्हणाली आणि पावाचा भला मोठा तुकडा तोडला. पाव जास्त, राजमा कमी. गेले काही महिने तिचं जेवण या हिशोबानेच चाललं होतं.

कॅप्टन म्हणजे छोटीचे वडील. खरं तर कॅप्टन ते कधीच नव्हते. आयुष्यभर मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. पण निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीवरून जिन्यात उभं राहून त्यांनी सगळ्या बिऱ्हाडांना असे काही हुकूम सोडले, की खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्यांना तिथल्या तिथे कॅप्टन करून टाकलं. त्यांनीही हरकत घेतली नाही. "जहाज कॅप्टन चालवायचा आणि कॅप्टनला मी चालवायचो," असं वर स्वतःच सांगत सुटायचे.

जहाजावर त्यांच्या जोडीला एक मेक्सिकन स्वयंपाकी होता. ना यांना त्याची भाषा धड येत होती ना त्याला यांची, पण कढईसमोर दोघांचं बरं जमायचं. त्याच्याकडून कॅप्टननी दोन गोष्टी उचलल्या. एक, घोटलेला राजमा: कांदा, लसूण, तमालपत्र घालून मऊ शिजवायचा, मग तेलात लसूण-जिऱ्यावर परतत परतत डावाने चेचायचा, पार लोण्यासारखा होईपर्यंत. आणि दुसरी, एम्पनाडा: मैद्यात गार लोणी चोळून मळलेली पारी, आत तोच राजमा आणि किसलेलं चीज, कडेला मुरड घालून ओव्हनमध्ये खरपूस भाजलेली. शिजायच्या आधी टोमॅटो घातला तर राजमा हट्टाला पेटतो, दाणा मऊ होतच नाही, हे ते भिंगरीला इतक्या वेळा सांगत की ती झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल.

आणि घड्याळ त्यांना चालायचं नाही. छोटीने एकदा मिनिटं लावायचं छोटं यंत्र आणलं होतं, तर कॅप्टननी ते कपाटाच्या वर, पार मागे टाकून दिलं. "लाटेवर जहाज डोलत असताना घड्याळ बघत बसलो असतो तर सगळे उपाशी मेले असते. हे कशाला दिलंय?" असं म्हणून ते नाकावर बोट टेकवायचे. राजमा तळाला लागायच्या आधी त्याचा वास बदलतो. पारी झाली की लोण्याचा वास गोडसर होतो. बस्स, एवढंच घड्याळ.

मधे त्यांना ताप येऊन गेला. आठ-दहा दिवस अंथरुणात होते. उठले ते थेट ओट्याशी. आणि तेव्हापासून मीठ वाढलं, जिरं वाढलं, मिरची तर विचारूच नका.

छोटीच्या ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. सांगावं असं रोज वाटायचंही. पण रोज संध्याकाळ व्हायची ना! पार्सलच्या गोदामात ती सकाळपासून सरकत्या पट्ट्यासमोर उभी असायची. खोकी येत राहायची, ती पत्ता वाचून डावीकडे-उजवीकडे ढकलत राहायची. संध्याकाळी बूट काढले की तिच्या पायांच्या आधी बूटच सुस्कारा सोडताहेत असं वाटायचं. घरी यावं तर ताट वाढलेलं. काही करायचं नाही, काही विचार करायचा नाही, फक्त बसायचं. या एका गोष्टीवर तिचा अख्खा दिवस टेकलेला होता. सांगितलं असतं की बाबा, तुमच्या हाताची चव गेलीय, तर बाबा ओट्यापासून लांब झाले असते. मग त्यांच्या आयुष्यात काय उरलं असतं, हा एक प्रश्न. आणि गोदामातून येऊन कणीक कोणी मळायची, हा दुसरा. पहिला प्रश्न ती स्वतःला मोठ्याने विचारायची. दुसरा हळूच.

आणि ती छान म्हणायची.

असंच चाललं असतं, पण भिंगरीच्या शाळेत खाऊचा बाजार भरायचा होता. प्रत्येक वर्गाने काहीतरी विकायचं. भिंगरीने कोणाला न विचारता हात वर करून सांगून टाकलं होतं: आमचे आजोबा एम्पनाडा करतील, अख्ख्या वर्गाला पुरतील एवढे!

"अगं, विचारायचं तरी!" छोटी म्हणाली.

"आजोबांना विचारलं की. ते म्हणाले, एवढेच? जहाजावर तर नाश्त्याला याच्या दुप्पट लागायचे."

घरात दोघींनी खारट खाणं वेगळं. भर बाजारात पोरांनी थू-थू करणं वेगळं. त्या रात्री झोपायच्या आधी तिने ठरवलं, उद्या बोलायचं. दुसऱ्या दिवशी ती इतकी दमून आली की जेवता जेवता तिचा हातच ताटात राहिला. तिसऱ्या दिवशी कॅप्टन इतके खुशीत होते की तिची जीभ रेटेना. आणि बघता बघता बाजार उद्यावर आला.

त्या संध्याकाळी छोटी जिना चढत होती, म्हणजे स्वतःला ओढत वर नेत होती. पहिल्या मजल्यावरच तिच्या नाकात करपट वास शिरला. शिंपीणबाई दारात पदर नाकाला लावून उभ्या होत्या. भिंगरी त्यांच्याकडून परकर-पोलक्याच्या उरलेल्या कापडाची झालर घ्यायला आली होती, टेबल सजवायला.

"तुमच्याकडूनच येतोय वाटतं," शिंपीणबाई म्हणाल्या. "कॅप्टन घरी आहेत ना?"

पाय दुखताहेत हे छोटी विसरली. दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेली, मागून भिंगरी. दार उघडलं तर घरभर निळसर धूर. आणि त्या धुरात, शेगडीपासून हातभर अंतरावर, कॅप्टन स्टुलावर आरामात बसले होते. मांडीवर परात. पारीची कड पकडून मुरड घालत होते, एकेक चुणी मोजूनमापून. बाजूला तयार रिकाम्या पाऱ्यांची चळत ओल्या फडक्याखाली. आणि ते गुणगुणत होते!

छोटीने शेगडी बंद केली. खिडकी उघडली. मग वळली.

"आलीस? आज लवकर?" कॅप्टन हसून म्हणाले. "राजमा होतच आलाय. सारण गार झालं की भरायला घेऊ. ही एक उगाच मुरड घालून बघितली, हात बसलाय का ते."

कसं विचारावं, हे छोटी अजून ठरवत होती. पण भिंगरीला असल्या अडचणी कधी येत नाहीत.

"आजोबा, तुम्हाला वास येत नाहीये?"

"येतो की."

"कसला?"

कॅप्टननी पोरीकडे बघितलं, मग लेकीकडे. छोटीच्या हातात अजून पिशवी होती, डोळ्यांत धुराचं पाणी होतं. त्यांनी खिडकीकडे बघितलं. मग अगदी सावकाश हातातल्या पारीकडे बघितलं.

"मैद्याचा," ते म्हणाले.

कॅप्टन उठले, कढईत डोकावले, डाव तळाला लावला. डाव अडला. तेव्हा त्यांना कळलं. हाताने कळलं, नाकाने नाही.

"तापापासून," ते पाठ वळवून म्हणाले. "वाटलं होतं, येईल परत. सर्दीत जातो आणि येतो तसा. जीभसुद्धा नुसती लाकडासारखी झालीय. खारट, आंबट एवढं पुसटसं कळतं, तेही बदाबदा घातलं तर." मग एकदम वळले. "तुला माहीत होतं?"

छोटी खुर्चीत बसली. उभं राहून बोलण्याइतकी ताकदच नव्हती.

"हो."

"इतके महिने खारट खाल्लंस?"

"हो."

"आणि छान म्हणत होतीस!"

"घरी आलं की ताट वाढलेलं मिळत होतं, बाबा." तिला खरं तर काहीतरी मायेचं बोलायचं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून वगैरे. पण दमलेल्या माणसाला खोटं रचायला सुचत नाही. "मला बाकी काही नको होतं. खारट असो, काही असो. दुसऱ्या कोणीतरी केलेलं हवं होतं."

कॅप्टनना ते लागलं. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकलं, नीट घडी घालून. ते फडकं त्यांच्या खांद्यावरून कधी उतरायचंच नाही.

"म्हणजे मी स्वयंपाकी नव्हतोच. ताटवाढ्या होतो."

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हणालीस. बरोबर म्हणालीस. उद्या जाऊन पोरीच्या बाईंना सांग, आजोबा आजारी आहेत."

"मुळीच नाही!" भिंगरी ओरडली. "मी फळ्यावर लिहिलंय! रंगीत खडूने!"

छोटीने कपाळ चोळलं. समोर दोन वाटा होत्या आणि दोन्ही तिच्याच पायांवरून जाणार होत्या. बाबा बाहेरच्या खोलीत जाऊन बसले तर उद्यापासून ओटा तिचा. बाबा ओट्याशी राहिले तर त्यांच्या शेजारी कोणीतरी नाक आणि जीभ घेऊन उभं राहायला हवं. म्हणजे तेही तीच. ताट वाढलेलं मिळायचे दिवस संपले, हे तिला बसल्या जागी कळलं. कसे संपवायचे, एवढंच तिच्या हातात होतं.

ती उठली. चमचा घेतला. तळाला धक्का न लावता कढईतला वरचा राजमा थोडा उचलला आणि चाखला.

"करपलाय," ती म्हणाली.

"ते मला डावानेच सांगितलं."

"सगळा नाही. वरचा निराळा लागतोय."

कॅप्टन दारापर्यंत गेले होते. थांबले. "निराळा म्हणजे? कडू की धुरकट?"

"म्हणजे..."

"जिभेच्या मागे बोचतंय का? घशाशी?"

छोटीने दुसरा चमचा घेतला. खरं सांगायचं तर इतक्या महिन्यांत ती काय खातेय याकडे तिने लक्षच दिलं नव्हतं. "नाही. मागे काही नाही. पुढे... शेकोटीजवळ बसल्यासारखं."

"मग धुरकट. कडू असता तर फेकायला सांगितला असता." ते दोन पावलं परत आले. "ढवळू नकोस! खरवडू तर अजिबात नकोस. वरचा वर दुसऱ्या भांड्यात ओत. तळाला जे राहील ते राहू दे. मीठ?"

"खूप."

"खूप म्हणजे किती? चेहरा करून दाखव."

छोटीने चेहरा केला. भिंगरी खो-खो हसली. कॅप्टन हसले नाहीत. डॉक्टर जीभ बघतो तसा त्यांनी तो चेहरा तपासला.

"इतकं? आणि तुम्ही दोघी हे गिळत होतात? वेड्या आहात काय!" त्यांनी उसासा टाकला. "भिंगरे, बटाटे उकड. सारणात निम्मे बटाटे घालू. लिंबू पिळ. कांदा कच्चा, बारीक चिरून. चीज वाढव. छोटे, प्रत्येक वेळी चाख आणि मला सांग. चांगलंय, वाईटंय असं नको सांगू. काय लागतं ते सांग."

मग तासभर ते तिघं त्या ओट्याभोवती होते. कॅप्टन पाऱ्या भरत होते, मुरड घालत होते; हात अजून पहिल्यासारखेच होते. छोटी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत चाखत होती. ओव्हनसमोर तिने वाकून वास घेतला आणि म्हणाली, "आता गोडसर येतोय," तेव्हा कॅप्टननी मान वळवून दुसरीकडे बघितलं. मग म्हणाले, "काढ."

बाजारात एम्पनाडे संपले. दोन पोरांनी तिखटावरून तक्रार केली, एकाने पुन्हा मागितला. फार गाजलं वगैरे काही नाही. शेजारच्या टेबलावरचा केक जास्त खपला.

त्यानंतरच्या सोमवारी छोटी गोदामातून आली. पट्टा दुपारी बिघडला होता आणि उशिरापर्यंत सगळी खोकी हातांनी उचलावी लागली होती. टेबलावर ताट नव्हतं. कॅप्टन दारातच उभे होते, एका हातात चमचा, त्याखाली दुसरा तळहात. मीठ अजून घातलंच नव्हतं. तसं ठरलं होतं.

"बाबा, बूट तरी काढू द्या."

"बूट पायात असतात. मला जीभ हवीय."

तिने आ केला. राजमा गरम होता, मऊ होता, बिनमिठाचा होता.

"सांग."

"बरा आहे."

"बरा ताप उतरलेला माणूस असतो. राजमा कसा आहे?"

छोटीने भिंतीला पाठ टेकवली. पाय ठणकत होते. बसायची इतकी इच्छा होती की रडू आलं असतं. तरी तिने डोळे मिटले आणि घास जिभेवर फिरवला.

"पिठूळ. लसूण मागून येतोय. जिरं... जिरं नाहीच आहे का?"

"विसरलो," कॅप्टन म्हणाले आणि ओट्याकडे वळले. "आत ये. जिरं घालतो, मग पुन्हा चाखायचंय."