लास्मीचं घर शोधताना

वार्सितो मांगाराई स्टेशनवर उतरला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सोरोंगहून मेदानला निघालेल्या या माणसाचं पुढचं विमान सकाळी सहाला होतं. मधला जाकार्ताचा मुक्काम त्याने मुद्दाम मागून घेतला होता. थोरली बहीण लास्मी याच शहरात होती आणि अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा वार्सितो आला नव्हता. बोटीवर होतो, असं त्याने कळवलं होतं. ते खोटं होतं, आणि एकदा तिच्या तोंडावर तसं सांगितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हती.

हातात जुन्या पाकिटावरचा पत्ता होता: तेबेत, आंब्याची गल्ली. तेबेतमध्ये आंब्याच्या गल्ल्या किती आहेत, हे त्या पाकिटाला कुठून ठाऊक असणार!

"काका, बसा मागे," दुचाकीवाला म्हणाला.

"नको, चालत जातो."

"चालत?" त्याने हेल्मेट काढलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

पार्किंगवाल्याला विचारलं, तर त्याने तोंडातली शिट्टी काढून क्षणात सांगितलं, "लास्मीचं घर ना? सरळ जा, मशिदीपाशी डावीकडे."

इकडच्या माणसाला पत्ता विचारावा आणि त्याने ‘माहीत नाही’ म्हणावं, असं होत नाही. विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्यापेक्षा चुकीच्या दिशेने का होईना, पाठवलेलं बरं. वार्सितोला हे कळत नव्हतं असं नाही. सोरोंगमध्ये त्याने स्वतः एकदा अख्खं वऱ्हाड बंदराकडे धाडलं होतं.

डावीकडे लाँड्री निघाली. लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, "डावीकडे? कुठल्या शहाण्याने सांगितलं? उजवीकडे." तेवढ्यात तो शहाणा आपली दिशा बरोबर की चूक हे बघायला मागून येऊन पोचला. दोघांची जुंपली, आणि निकाल लावायला दोघंही वार्सितोबरोबर निघाले. मग दोन रिकामटेकडे दुचाकीवाले आले. माणसं दिसली म्हणून बाक्सोची, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या रश्श्याची, गाडी आली आणि लोक चालता चालता वाडग्यातून तो गरम रस्सा भुरकू लागले. पार्किंगवाला पुढे शिट्टी वाजवत गाड्या थांबवत होता. संध्याकाळची बांग झाली तोवर तीसेक माणसं झाली होती.

"मोर्चा कसला?" चौकातल्या पोलिसाने विचारलं.

"घराचा."

"पाडलं की काय कुणी?"

"नाही हो, सापडत नाहीये."

"मग असे बोंबलत काय फिरताय? माझ्या मागे या," म्हणून तोही पुढे झाला, आणि लोक तिसऱ्यांदा त्याच लाँड्रीपाशी पोचले. लास्मी हे नाव एव्हाना पुढच्या चौघांनाच माहीत होतं. मागच्यांना एवढंच कळलं होतं की कुणीतरी हरवलंय, आणि आपण मदत करतोय.

बाक्सो संपला तशी गर्दीही संपली. पोलिसाची पाळी संपली, लाँड्रीवाल्या बाईंना इस्त्रीची आठवण झाली. जाताना प्रत्येकाने एकेक दिशा दाखवली. वार्सितो दिव्याच्या खांबाखाली मटकन बसला. मागे एकटी बाई उरली होती, हिजाब आणि जाड चष्मा घातलेली, हातात रिकामा वाडगा.

"तासभर फिरतेय तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "माझ्या दारावरून तर तीनदा गेलो आपण. पण घर कुणाचं शोधतोय, ते सांगाल का?"

"लास्मीचं. कपडे शिवते. मूळची सोलो गावची."

तिने एक हात कमरेवर ठेवला, अगदी आई ठेवायची तसा, आणि वार्सितोने तिला ओळखलं. त्या गल्लीत बायकांना मुलांच्या नावाने हाक मारतात. तिथे लास्मी नुसती दिमासची आई होती, आणि भाचा झाल्याचंही वार्सितोला कुणी कळवलं नव्हतं.

"कुठे आहे तिचं घर?" त्याने हळूच विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

दिवसभरात हे शब्द त्याला पहिल्यांदाच ऐकू आले.

"ताई, मी बोटीवर नव्हतो. घरीच होतो. आईला तशी बघायची हिंमत झाली नाही."

"मला तेव्हाच कळलं होतं, मूर्खा. बोट गाळात रुतून बसलीय, हे तूच आदल्या आठवड्यात लिहिलं होतंस."

ती त्याच्या शेजारी फुटपाथवर बसली. रिकामा वाडगा तिने मांडीवर ठेवला.

"अंथरुणावरून आई सारखी विचारायची, वार्सितो कुठवर आलाय," ती म्हणाली. "मला काय माहीत? मी सांगायची, आलाच, पुलापाशी पोचलाय. तीन दिवस तुला पुलापाशीच उभा ठेवला मी."