चार देशांचा एक कागद

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. मंगरुळपीरच्या बाजारात शफीकभाईंचं शिलाईचं दुकान आहे ना, त्याच्या मागच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेली असते. माझ्या एका पात्यावर गंज चढला आहे आणि स्क्रू इतका घट्ट बसलाय की मला उघडायचं म्हटलं तर आता दोन्ही हात लागतील. पण उघडतंय कोण?

माझा जन्म मेरठचा. मोडलेल्या ट्रकच्या कमानीचं लोखंड तापवून, ठोकून, घासून मला घडवलं आणि वर पितळी मूठ बसवली. शफीकभाईंनी दुकान उघडलं त्या वर्षी मी इथं आले. तेव्हा माझा तोरा काय सांगावा! शाळेचे गणवेश, लग्नाच्या शेरवान्या, टेरिकॉटच्या पँटी, सगळं माझ्या पात्यांखालून गेलं. दर शुक्रवारी नमाजला निघण्याआधी शफीकभाई मला मशीनचं तेल देत. गिऱ्हाईकं म्हणत, "शफीकभाई, तुमचं कटिंग लय सफाईदार हाये." ते कौतुक शफीकभाईंचं होतं, पण मी ते आपल्याच नावावर जमा करून घेत असे.

शिंप्याच्या घरात एक कायदा असतो. कपड्याच्या कात्रीनं कागद कापायचा नाही. कागदानं धार बोथट होते, आणि एकदा बोथट झाली की ती कात्री रेशमाला ओढते, कापडाला दात पाडते. घरातल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. नमरालाही ठाऊक होतं.

नमरा ही शफीकभाईंची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, म्हणून विधवा झालेली आत्या, लतीफाफुफी, इथंच राहायला आली आणि तिनंच पोरीला वाढवलं. नमरा नऊ वर्षांची असताना एका दुपारी तिनं मला उचललं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातला मोर कापला. मग डोंगर. मग एका बाईची नुसती ओढणी. शफीकभाई आले तेव्हा माझ्या पात्यांना कागदाचा भुगा चिकटला होता.

"कपड्याच्या कात्रीनं कागद कापला तुनं? काहून?"

"मोराले त्या डोंगरावर बसवायचं होतं, अब्बा."

शफीकभाईंनी मला कापडाच्या चिंधीवर चालवून पाहिलं. चिंधी फाटली, कापली गेली नाही. मग त्यांनी मला तिच्यापुढं सरकवलं. "घे. आता कागदाचीच झाली ही. तुह्याजवळच ठेव."

मी शरमेनं काळी पडले. शेरवानी कापणारी मी, आता बियाण्यांच्या पाकिटांना आणि लग्नपत्रिकांना तोंड लावू? पण खरं सांगते, चार-दोन वर्षांत माझी खोड जिरली. ही पोर एका ठिकाणचं चित्र कापून दुसऱ्या ठिकाणी असं बसवायची की दोन्ही नवीनच दिसायची. शर्टाच्या जाहिरातीतल्या माणसाला तिनं कोबीचं डोकं दिलं आणि तो माणूस एकाएकी आमच्या गल्लीतला वाटू लागला. याला कोलाज म्हणतात हे तिला बारावीनंतर मोबाइलवर कळलं. जगभर हजारो माणसं हेच करतात, हेही कळलं. तिचा चेहरा त्या दिवशी कसा उजळला होता! दिवसभर दुकानात फॉल-पिको करायचा आणि संध्याकाळी आपले कागद मोबाइलवर त्या माणसांना दाखवायची, असं सुरू झालं. ती माणसं विचारत, ही किनार कुठली, हा रंग कसा मिळाला. इंग्रजी अडलं की ती मोबाइललाच विचारून उत्तर लिही.

घरात मात्र ती बोलत नसे. एकदा लतीफाफुफीनं विचारलं होतं, "कायले करत राह्यतं वं हे? काय आहे त्याच्यात?" नमरा कागदावरून मान वर न करता म्हणाली, "तुमाले नाही समजणार, फुफी." फुफी परत विचारायला आली नाही. मला तेव्हाही ते बरं वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी त्या मंडळींनी एक खेळ मांडला. एकानं कोऱ्या जाड कागदावर काहीतरी चिकटवायचं आणि टपालानं दुसऱ्या देशात पाठवायचं. दुसऱ्यानं आपलं काही जोडून तिसऱ्याला. चौथ्यानं पुरं करून पहिल्याकडं परत. असे बारा कागद निघाले. पुरे झालेले कागद हन्ना नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या गावातल्या वाचनालयात, पोलंडमध्ये, ओळीनं लागणार होते. आणि जो कागद पुरा करील, त्याच्याच हातून पुढच्या फेरीचा कागद सुरू होणार होता. नमरा एका कागदावर चौथी होती. म्हणजे पुढचा कागद आमच्या मंगरुळपीरहून निघणार आणि सगळे तिच्या कामाला जोड देणार. पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं.

कागद आला. हन्नानं त्यावर बहिणीसोबत केलेल्या शेवटच्या प्रवासाचं रेल्वेचं तिकीट लावलं होतं, अस्सल, एकच. ब्राझीलच्या लुईसनं एक पिवळं कुत्रं बसवलं होतं. ट्युनिशियाच्या सलमानं आपल्या लहानपणच्या वाचनमालेतल्या दोन ओळी लावल्या होत्या, अरबी अक्षरं, मुलांना वाचता यावीत म्हणून जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, लावलेली. मांजरीचा धडा होता तो. नमरानं आठ दिवस विचार केला. मग शफीकभाईंच्या खाकी कागदी नमुन्यांतली एक बाही मला कापायला लावली. ती बाही तिनं कागदावर अशी आडवी ठेवली की तिकीट, कुत्रं आणि ओळी तिघंही तिच्या कुशीत आले. मित्रांनो, एवढं चांगलं कटिंग मी शेरवान्यांतही केलं नव्हतं. खळ सुकायला तिनं कागद इस्त्रीखाली दाबून ठेवला आणि पाकीट आणायला ती बाहेर गेली. तो बुधवार होता.

लतीफाफुफी झाडायला आली. इस्त्री उचलली, आणि थबकली. फुफीला कुराण वाचता येतं, पण अर्थ लागत नाही. तिच्या वाचनात जेर-जबर लागलेली अक्षरं फक्त एकाच किताबात असतात. तीच अक्षरं कापलेली, आणि बाजूला नापाक मानलेलं कुत्रं! "तोबा, तोबा," ती पुटपुटली. तिनं कागद डोळ्यांना लावला, स्वच्छ पांढऱ्या रुमालात गुंडाळला आणि मशिदीच्या दारातल्या पेटीत नेऊन ठेवला. पाक, म्हणजे पवित्र, लिखाणाची फाटकी पानं कोणी केरात टाकत नाही. ती त्या पेटीत जमवतात आणि पेटी भरली की पोत्यांत घालून, दगड बांधून गावाबाहेरच्या जुन्या विहिरीत सोडतात. त्याला ठंडं करणं म्हणतात.

कागद खोलीतून जाताना मी पाहिला. पाती दोन आहेत मला, पण जीभ एकही नाही.

नमरा परतली आणि तिनं सगळी खोली उलटीपालटी केली. बुधवार गेला, गुरुवार गेला. फुफीला विचारावं तर काय विचारावं? जे कधी समजावून सांगितलं नाही ते हरवलं म्हणून कसं सांगावं? आणि फुफी पाहत होती पोरीची तगमग, तरी तीही गप्प. दोघी एका ताटात जेवल्या. कागद तेव्हा हाकेच्या अंतरावर पेटीत सुखरूप होता. एकीनं तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं!

शुक्रवारी संध्याकाळी नमरानं शेवटी विचारलं.

"हो, म्या नेला," फुफी म्हणाली. "भिऊ नको. झालं ते झालं. अल्ला माफ करनार."

"फुफी, ते पोराइच्या पुस्तकातलं होतं. मांजरीचा धडा होता तो!"

फुफीच्या हातातली चाळणी तशीच राहिली. "मले का मालूम, बेटा. मले जेर-जबर दिसले, बाजूले कुत्रं दिसलं."

"मंग मले बोलली काहून नाही?"

"तुह्या अब्बाले समजलं असतं त तू मान खाली घालून बसली असती. म्हनून चूप राह्यली."

नमरा अनवाणी धावली. पेटी रिकामी होती. जुम्म्याच्या नमाजनंतर पोती विहिरीवर गेली होती, आणि त्यातलं एक पोतं शफीकभाईंनीच पुण्याचं काम म्हणून खांद्यावरून नेलं होतं. ते ऐकून त्यांनी टेप गळ्यातून काढला आणि ते खाली बसले. विहिरीला पन्नास हात पाणी आहे.

परदेशी मंडळींना काय लिहायचं? खरं लिहिलं तर ती माणसं फुफीला काय समजतील, या भीतीनं नमरानं लिहिलं आणि पुसलं, लिहिलं आणि पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं, 'माझ्या निष्काळजीपणानं हरवला.' कोणी रागावलं नाही. हन्नानं लिहिलं की कागदच तो, हरवतो कधी कधी, तू स्वतःला जप. त्या मायेनंच पोर मोडली. पुढच्या फेरीचे कागद इतरांकडून निघाले, त्या यादीत तिचं नाव नव्हतं. वाचनालयातल्या भिंतीचे फोटो मोबाइलवर आले. अकरा कागद सारख्या अंतरानं लावले होते, मधे जागासुद्धा सुटली नव्हती.

तिनं मला पुसलं, या खिळ्याला टांगलं आणि त्या गटातून आपलं नाव काढून टाकलं. आता ती फक्त फॉल-पिको करते. शफीकभाई एकदा म्हणाले, "अजून एखादा कर ना बेटा." ती म्हणाली, "मन नाही, अब्बा."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही जे काही करता ते सातासमुद्रापलीकडं जरूर दाखवा, पण आधी घरातल्या माणसाला शेजारी बसवून दाखवा. त्याला समजणार नाही, असं तुम्हीच ठरवून टाकू नका. आणि घरातल्यांनो, पोरांच्या टेबलावरचं काही उचलायचं असेल तर आधी त्यांना हाक मारा. मला हे सांगायला फार उशीर झाला आहे, आणि माझ्या सांगण्यानं या घरातलं काही परत येणार नाही.

मागच्या महिन्यात लतीफाफुफीनं गल्लीभर फिरून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. प्रत्येकीवरचं अल्लाचं पाक नाव तिनं आपल्या हातानं जपून वेगळं काढलं, म्हणजे पोरीला बिनघोर कापता येईल. मग सगळ्यांचं सुतळीनं बंडल बांधून तिनं माझ्याखालच्या स्टुलावर ठेवलं. नमरानं ते पाहिलं आणि ती मशीनवर जाऊन बसली. रोज सकाळी फुफी येते, बंडलावरची धूळ झटकते, सुतळीची गाठ तशीच आहे हे पाहते आणि निघून जाते.