पुसलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. अहमदाबादच्या जुन्या भागात एका पोळच्या, म्हणजे दरवाजा असलेल्या दाट वस्तीच्या गल्लीच्या, दाराशी, आत शिरताना डाव्या हाताच्या भिंतीवर मी असतो. एका सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला बनवले, काळा रंग फासला आणि तेव्हापासून इथल्या दीडशे घरांची खबरबात माझ्या अंगावर लिहिली जाते. नळाला पाणी कधी, किल्ली कोणाची सापडली, लग्न कोणाकडे, सगळे.

खालचा हातभर भाग मतांसाठी मोकळा. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावे, पण खाली नाव घालावे, असा रिवाज. ‘गाय सोडणाऱ्याने तिच्यामागे शेणाची टोपलीही सोडावी. – रंजनबेन.’ ‘मोबाइलवर ओरडून बोलणाऱ्यांनो, तुमच्या मेहुण्याचा पगार आम्हाला पाठ झाला. – रंजनबेन.’ यावरून भांडणे होत, पण नाव घालायचे असल्यामुळे खोटे लिहायला कोणी धजत नसे.

वरचा भाग नवनीतभाई लिहीत. टपाल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस हट्टी, पण अक्षर मोत्यासारखे. मृत्यूची बातमी घरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते लिहीत नसत. ती लिहिण्याआधी मला ओल्या फडक्याने पूर्ण पुसतात, कारण गेलेल्याच्या नावाशेजारी नळाची वेळ बरी दिसत नाही. म्हणून सकाळी मी कोरा दिसलो की बायका वाचायला थांबत नाहीत. डोक्यावर पदर घेतात.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि गल्लीचा ग्रुप निघाला. तो चालवणारा बिपिन मनाने चांगला, पण भारी उतावळा. “नवनीतकाका, हा फळा काढू या आता. इथे एक चांगला दिवा बसेल,” तो म्हणायचा. लोक माझ्या कडेला स्कूटर टेकवू लागले. माझा एक कोपरा उडाला, कोणाच्या लक्षातही आले नाही. मला वाईट वाटे, पण सांगणार कोणाला?

माझ्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर कोकिलाबेन राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही. खिडकीत बसून त्या रोज मला वाचतात. त्यांचे पती जयेंद्रभाई यांच्या छातीत कळ आली आणि त्यांना नदीपलीकडच्या इस्पितळात नेले. मुलगा तिकडेच राहिला. संध्याकाळी तो आईला फोन करी.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत विचित्र शांतता होती. पुरुष पांढरे कपडे घालून बाहेर पडत होते. कोणी ओट्यावर चादर अंथरली. बिपिन धावत माझ्यापाशी आला. नवनीतभाई नळाची वेळ लिहीत होते.

“काका, पुसा ते. जयेंद्रकाका गेले.”

“कोणी सांगितलं?”

“ग्रुपवर बघा ना! त्रेचाळीस जणांनी ‘ॐ शांती’ लिहिलंय.”

“त्रेचाळीस राहू देत. मुलगा काय म्हणाला?”

“त्याचा फोन बंद आहे. अशा वेळी कोण फोन घेतो, काका?”

“मग मी लिहिणार नाही.”

“तुमच्या हट्टापायी काय प्रेत थांबवायचं?” असे म्हणून बिपिनने बादलीतले फडके उचलले आणि मला एका दमात पुसून टाकले.

मित्रांनो, मला हात असते तर मी ते फडके धरले असते. समोर खिडकी उघडी होती. कोकिलाबेन आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग ओट्यावरच्या चादरीकडे, मग पांढऱ्या कपड्यांकडे. त्या रडल्या नाहीत. त्यांनी उजव्या हाताने डाव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या.

“नवनीतभाई,” त्यांनी विचारले, “काय लिहिताय?”

खाली पंधरा-वीस माणसे उभी होती. नवनीतभाईंनी माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘मला माहीत नाही. विचारून येतो. – नवनीत.’

“भाभी, मी येईपर्यंत बांगड्यांना हात लावू नका,” असे ओरडून ते स्कूटरवर निघाले.

दीड तास गेला. कोकिलाबेन खिडकीतून हलल्या नाहीत. रंजनबेन वर जाऊन त्यांच्याजवळ बसल्या. खाली माणसे हळूहळू मोबाइलवरचे मागचे निरोप चाळू लागली. पहिली ‘ॐ शांती’ कोणाची? हर्षदभाईंची निघाली.

“माझा चष्मा सापडत नव्हता,” हर्षदभाई म्हणाले. “फोटोला हार दिसला. मला वाटलं…”

“तो सत्कारातला हार होता!” बिपिन किंचाळला. “वर लिहिलं होतं, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. काल रात्री तो फोटो मीच टाकला होता.”

“मग तू का पुसलास रे फळा?” रंजनबेन वरून गरजल्या.

“सकाळी उठून पाहिलं तर इतके लोक म्हणत होते… मला वाटलं, रात्रीत काही झालं असेल.” बिपिन मटकन ओट्यावर बसला.

पण फोटोचा घोळ समजला म्हणून माणूस जिवंत ठरत नाही. मुलाचा फोन बंदच होता. भीतीने माझ्या फळ्या आकसल्यासारख्या झाल्या होत्या.

स्कूटर आली. सगळे धावले. “काय झालं, काका?” नवनीतभाईंनी सरळ माझ्यापाशी येऊन लिहिले, ‘जयेंद्रभाई शुद्धीवर आहेत. चहा मागत आहेत. स्वतः पाहून आलो. – नवनीत.’

कोकिलाबेननी एकेक अक्षर मोठ्याने वाचले. “चहा?” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांनी बंद केलाय ना त्यांचा! कोणी दिला तर नाही?” आणि मग खिडकीच्या चौकटीवर डोके टेकून त्या हमसून हमसून रडल्या.

मुलाच्या फोनची बॅटरी रात्रीच संपली होती, एवढेच. जयेंद्रभाई बारा दिवसांनी घरी आले. मला काढायची गोष्ट आता कोणी काढत नाही. पण माझे जाऊ द्या, मी लाकूड आहे. मित्रांनो, तुमच्या खिशातल्या फळ्यावर काही लिहिण्याआधी एकदा विचारून या आणि खाली मनातल्या मनात आपले नाव घाला. माझ्यावरची चूक ओल्या फडक्याने निघते. कोकिलाबेन मात्र अजूनही रोज सकाळी खिडकी उघडतात, तेव्हा आधी डोळे मिटून घेतात.