नावानिशी गाऱ्हाणं

“पयलां गाऱ्हाणां, मगे सुई!” सुभद्रेनं दंड पदराखाली दडवला, आणि मालवणच्या दवाखान्यात डॉक्टर इंजेक्शन हातात धरून तसेच उभे राहिले.

तिचा नवरा बाबली गावकर. देवळात गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घरात. कुणाची म्हैस आटो, कुणाचं होडकं वाऱ्यात अडको, बाबलीनं देवापुढे आवाज लावला की पलीकडच्या वाडीत ऐकू जाई. पण इथे?

“अगो, ह्यां काय देऊळ आसा? लोक हसतले!”

“हसांदेत. माझो भाव असोच दात काढून इलो नि म्हयनाभर तापान फणफणान गेलो. माका भंय वाटता.”

मेव्हण्याला खांदा बाबलीनंच दिला होता.

डॉक्टर म्हणाले, “अहो, तेच टाळायला ही सुई! लहानपणच्या सांधेतापात यांच्या काळजाची झडप अधू झालीय. दात काढला की तोंडातले जंतू रक्तात शिरतात आणि नेमके तिथे ठाण मांडतात. पेनिसिलिन त्यांना आधीच गाठतं. सुईशिवाय मी दाताला हात लावणार नाही.”

“आणि गाऱ्हाण्याबिगर मी सुयेक!” सुभद्रा म्हणाली. झालं! बोला आता!

बाबलीनं टोपी सारखी केली, हात जोडले. “बा देवा म्हाराजा!”

बाहेर बाकड्यांवरचे सगळे पेशंट सवयीनं उठले. “होय म्हाराजा!”

“आज माझ्या घरच्या माणसाच्या काळजार कसलोय किडो बसाक इलो...”

“घरचा माणूस कोण?” सुभद्रेनं अडवलं. “नाव घेवा. देवान सुयेचो गुण दुसऱ्याच कोणाक दिल्यान तर?”

आली का पंचाईत! सगळ्या संसारात बाबलीनं बायकोचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. ‘गो’वर भागत होतं. त्याचे कान तापले. अख्ख्या गावासाठी लागणारा आवाज नेमका इथे लागेना. मग त्याला मेव्हण्याची तिरडी आठवली.

“...तर माझ्या सुभद्रेक सांभाळ रे म्हाराजा! त्या किड्याक ह्या पेनिसिलिनान वाटेतच आडव!”

“होय म्हाराजा!” डॉक्टरसुद्धा बोलून गेले.

सुभद्रेनं दंड पुढे केला. सुई टोचली, आणि औषध अंगात भिनल्यावर दातही निघाला.

संध्याकाळच्या एस.टी.त ती गालाला फडकं बांधून बाकावर ऐसपैस बसली होती.

“गो, जरा सरक,” बाबली म्हणाला. ती ढिम्म हलेना.

बाबलीनं मागं बघितलं, पुढं बघितलं, खाकरला. मग अगदी हळू म्हणाला, “सुभद्रा...”

खिडकीबाहेरची नजर न वळवता तिनं त्याला जागा करून दिली.