नाकापासून बोटभर अलीकडे

शाळेतली मुलं त्यांना लंबकसर म्हणत. पाठीमागे, अर्थातच, पण सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. प्रयोगशाळेच्या छताला जाड दोरीने टांगलेला लोखंडी गोळा ही त्यांची खरी इस्टेट. दरवर्षी नव्या वर्गापुढे ते भिंतीला डोकं टेकून उभे राहत, गोळा नाकाला लावत आणि सोडून देत. गोळा खोलीच्या त्या टोकाला जाऊन परत येई, पहिल्या बाकावरची मुलं श्वास रोखत, आणि सरांच्या नाकाच्या बोटभर अलीकडे थांबून तो मागे फिरे. "जिथून सोडला त्याच्या पुढे तो येऊच शकत नाही," सर म्हणत. "नियमावर भरवसा असेल तर डोळासुद्धा मिटायचा नाही."

एकदा मात्र गोळ्याने नाक फोडलं होतं. तपासणीला साहेब आले होते, सर जोशात होते, आणि गोळा नुसता सोडायच्या ऐवजी त्यांनी तो किंचित ढकलला. तेव्हापासून नाक डावीकडे कललेलं. घरी बायकोला वादात त्या नाकाचा फार उपयोग होई.

हल्ली वाद एकच होता. तिच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती आणि डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं. "देवाच्या मनात असेल तसं होईल," एवढं बोलून तिने विषय मिटवला होता. सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"अगं, हजारो लोकांच्या झडपा बदलल्यात," ते म्हणाले.

"बदलल्या असतील. तुमचे शास्त्रज्ञ मतंही बदलतात. काल लोणी वाईट, आज लोणी चांगलं. माझ्या देवाने एकदाही शब्द फिरवलेला नाही."

"चूक कळली की सुधारतात. म्हणूनच तर भरवसा ठेवायचा."

"आणि हे नाक?"

"नियम नव्हता चुकला. मी ढकललं होतं."

"माझी प्रार्थना फळली नाही की मीही हेच म्हणते. देव चुकला नाही, माझंच मन लागलं नव्हतं. मग तुमच्यात नि माझ्यात फरक तो काय राहिला?"

संसारात तिने त्यांना पुष्कळदा निरुत्तर केलं होतं, पण ते पाहुण्यांवरून, पडद्यांच्या रंगावरून. हे तर त्यांच्या विषयातलं होतं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना त्यांना उत्तर सुचलं आणि ते ओल्या केसांनीच बाहेर आले.

"फरक आहे! ढकललं नाही तर लागणार नाही, हे मी आधी सांगतो. आणि तू स्वतः येऊन बघू शकतेस. तुझं मन लागलं होतं की नाही, हे मला कोण दाखवणार?"

"मग दाखवा," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

शाळेला सुट्टी होती. प्रयोगशाळेत दोघंच. सरांनी भिंतीला डोकं टेकलं, गोळा नाकाला लावला आणि सोडला. तो गेला, आला, थांबला. सरांची पापणी लवली नाही. मोठ्या ऐटीत त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर तिचे ओठ हलत होते.

"प्रार्थना करत होतीस?"

"हो. म्हणून वाचलात."

"बरं, परत करतो. या वेळी तू गप्प राहा."

तिने जरा विचार केला. "ते नाही जमायचं मला. समोर तुम्ही असलात की नाहीच जमणार. त्यापेक्षा मी उभी राहते. देवाला मध्ये घेत नाही. गोळा थांबला तर डॉक्टरांना हो म्हणते."

सरांना हेच हवं होतं. त्यांनी तिचं डोकं भिंतीला नीट टेकवलं, गोळा तिच्या हातात दिला, नाकाला लावायला लावला. "नुसता सोड. ढकलू नकोस. आणि हलू नकोस," त्यांनी बजावलं, मग पुन्हा बजावलं.

तिने सोडला. गोळा दूर गेला आणि फिरला. सरांना सगळं माहीत होतं, अगदी गणितासकट. तरी गोळा तिच्या चेहऱ्याकडे झेपावताना त्यांचा हात मध्ये गेलाच. गोळा बोटांवर खाडकन बसला आणि वेडावाकडा भिरभिरत बाजूला गेला.

"अहो! थांबणार होता ना तो?"

"होता."

"मग?"

सरांनी बोटं काखेत दाबली. त्यांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, फुटकं नाक घेऊन साहेबांपुढे उभे होते तेव्हासुद्धा. "खात्री होती गं मला. पूर्ण होती. पण समोर तू होतीस."

ती हसेल, टोमणा मारेल असं त्यांना वाटलं. तिने त्यांची बोटं एकेक करून वाकवून पाहिली. मोडलं काही नव्हतं.

"माझंही तसंच होतं, तुम्ही समोर असलात की," ती म्हणाली. "आता हात मागे घ्या. पुन्हा करू."

"राहू दे आता."

"हात मागे."

सरांनी पाठीमागे एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं. दोरी वरच्या हुकात करकरली. गोळा लांब गेल्याचं त्यांना ऐकू आलं, मग जवळ येत असल्याचं. मग काहीच नाही.

"थांबला?" त्यांनी विचारलं.

"थांबला. बोटभर अलीकडे," ती म्हणाली. "मी बघत होते. तुम्ही डोळे उघडा आता, आणि डॉक्टरांना फोन लावा."