पंपघरातली चांदणी

महिन्यात तिसऱ्यांदा पाणीपुरवठ्याचा पंप थांबला, तेव्हा साहेबांनी पेन टेबलावर आपटलं आणि निकाल देऊन टाकला: ऑपरेटर झोपतो. चार वाजता त्याच्या बदलीच्या कागदावर सही. एकोणीस वर्षं पंपापाशी काढलेला माणूस उद्यापासून गोदामात पाइपांचे तुकडे मोजणार.

हा ऑपरेटर म्हणजे वहिनींचा दीर. त्याने वहिनींच्या इथल्या पहिल्याच दिवशी आख्ख्या कचेरीसमोर "वहिनी!" अशी हाळी दिली, आणि तेव्हापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनीच झाल्या. नकाशे विभागातून त्यांना इकडे आणून आठवडा झाला होता. काम एकच, पंप चालवणारा सर्व्हर सांभाळायचा.

"साहेब, पंप त्यांनी थांबवला नाही," वहिनी म्हणाल्या. "सर्व्हरची डिस्क गच्च भरली होती. सकाळी मी चार जुन्या फायली काढल्या, तसा पंप आपोआप सुरू झाला."

"योगायोग! तेवढ्यात त्याला जाग आली असेल. वहिनी, दीर आहे म्हणून झाकू नका."

"दीर आहेत म्हणूनच सांगते. घरी ते टीव्हीसमोर झोपतात, जेवताना डुलक्या घेतात. आमच्या सासूबाई बोलायला लागल्या की उभ्याउभ्या घोरतात. पण पंपापाशी? पंपाचा आवाज केसभर उतरला तरी या माणसाच्या हातातला घास हातात राहतो."

"चार वाजेपर्यंत पुरावा आणा," साहेब म्हणाले. "नाहीतर सही."

अकरा वाजले होते. वहिनींनी पंपघरात सर्व्हरपुढे बसून बाह्या सारल्या.

पंप चालवणारा प्रोग्रॅम मोठा काटेकोर. प्रत्येक हालचाल आधी लॉग फाइलमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, लिहिणार, मगच करणार. लिहायला जागा नाही, तर काम बंद. मग ऑपरेटरने बटण दाबदाबून बोट झिजवलं तरी हे महाशय ढिम्म. म्हणून तर रोज पहाटे लॉग फिरवायची सोय केलेली: कालच्या फाइलच्या नावापुढे एक आकडा लागतो, आजची कोरी फाइल उघडते, आणि सात दिवसांपेक्षा जुनी फाइल कचऱ्यात जाते. म्हणजे फायली सात, फार तर आठ. वहिनींनी फोल्डर उघडला, तर आत एकेचाळीस हजार!

आधी त्यांना वाटलं, फिरवण बंद पडली असेल. बघितलं तर तसं नव्हतं, आज पहाटेसुद्धा इमानेइतबारे झाली होती. मग नावं वाचायला घेतली. फाइलच्या नावापुढे १, त्यापुढे १, त्यापुढे पुन्हा १. एकेक नाव इतकं लांब, की वाचणाऱ्याने मध्येच श्वास घ्यावा, पाणी प्यावं, पुन्हा सुरू करावं. शेवटच्या नावाला तर पडद्यावर जागा पुरेना. शेजारच्या पडद्यावर जाऊन संपलं म्हणतात. खोटं वाटत असेल तर त्या पडद्याला विचारा.

"हे काय गौडबंगाल आहे?" मागे उभ्या दिराने विचारलं.

"भावजी, तुम्ही पंपाकडे बघा. इकडे मी बघते."

त्यांनी फिरवणीची लुटुपुटूची तालीम लावली. म्हणजे काय करणार ते नुसतं बोलून दाखवायचं, हात कशालाच लावायचा नाही. यंत्र बोलत सुटलं: ही फाइल फिरवणार, तिचं पोर फिरवणार, तिच्या नातवाला फिरवणार, पणतूला, खापरपणतूला... वहिनी थबकल्या. पोराटोरांना कशाला फिरवतोय हा?

नियमांची फाइल उघडली आणि चोर सापडला. कोणत्या फायली फिरवायच्या, त्या जागी आधी सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने नुसती एक चांदणीची खूण (*) टाकली होती. चांदणी म्हणजे फोल्डरमधलं यच्चयावत सगळं. त्यामुळे कालच फिरवलेली फाइल आज पुन्हा नवी समजून फिरायची. सात दिवसांचा हक्क प्रत्येकीला नव्याने मिळायचा, म्हणून म्हातारी कुणी होईचना. डिस्क भरली की तो गडी गुपचूप थोडं झाडून टाकायचा, आणि वर कुणाला सांगायचाही नाही.

"पुसून टाका सगळं," वहिनींनी फोन करून हे सांगितल्यावर साहेब म्हणाले. "पण यावरून तो जागा होता हे कुठं सिद्ध होतं?"

खरंच, होत नव्हतं. डिस्क भरल्यावर नोंदच थांबायची, मग ऑपरेटरने बटण दाबल्याची खूण राहणार कुठून? वहिनींनी दोन मिनिटं नख कुरतडलं. मग म्हणाल्या, "साहेब, टाकी आत्ता काठोकाठ आहे, दहा मिनिटं पंप थांबला तर कुणाचा नळ कोरडा पडणार नाही. तुम्ही स्वतः ऑपरेटरच्या खुर्चीवर बसा. जागे राहा. मी डिस्क भरते. पंप थांबू दिला नाहीत, तर खुशाल सही करा."

"मी बसल्यावर थांबेल? हा!"

साडेतीनला साहेब खुर्चीवर बसले. डोळे एवढे ताणले, की पापण्यांना बोलावणं पाठवावं लागलं असतं. वहिनींनी सर्व्हरवर नुसत्या शून्यांनी भरलेली एक धिप्पाड फाइल तयार करायला घेतली. डिस्क भरत गेली. शेवटचा कोपरा भरला आणि पंपाची घरघर खाली उतरत उतरत बंद झाली.

साहेबांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग अंगठ्याने, मग तळहाताने, मग दोन्ही हातांनी.

"साहेब," दीर हळूच म्हणाला, "मीसुद्धा तिन्ही वेळा असंच केलं होतं. बटण बदलून घ्या, गरम झालंय."

साहेबांनी कपाळ पुसलं.

वहिनींनी शून्यांची फाइल काढली, तसा पंप घुमू लागला. चांदणी खोडून त्या जागी नेमकं एका चालू लॉग फाइलचं नाव लिहिलं आणि तालीम पुन्हा लावली. यंत्राने एकच नाव घेतलं. तेव्हा कुठे त्यांनी खरी फिरवण करून पाहिली, मागच्या सात दिवसांच्या नोंदी बाजूला काढून ठेवल्या आणि उरलेला डोंगर पुसला.

चार वाजता साहेबांनी बदलीचा कागद पुढे ओढला. "रद्द करतो. कारण काय लिहू?"

"जे बघितलंत ते."

त्यांनी लिहिलं, खाली सही केली आणि खुर्ची रिकामी केली. दीर पंपाशेजारी जाऊन बसला.

वहिनी मात्र उठल्या नाहीत. सर्व्हर सांभाळणाऱ्या आधीच्या माणसाने त्यावर आणखी अकरा फोल्डर मांडून ठेवले होते. त्यांनी पहिल्याचे नियम उघडले. तिथेही चांदणीच होती. पाण्याची बाटली जवळ ओढत त्यांनी ती खोडली आणि दुसरा फोल्डर उघडला.