धाकटीने हात वर केला

मित्रांनो, मी एक जुनी रोल-ऑनची बाटली आहे. काखेला घामाचा वास येऊ नये म्हणून लोक जे लावतात ना, ते माझ्या पोटात असतं. हसू नका. तुमच्या घरातही माझी एखादी बहीण आरशामागे उभी असेल, आणि तुमच्याबद्दल तिला जे ठाऊक आहे ते तुमच्या सख्ख्या मित्रांनाही ठाऊक नाही.

माझा जन्म कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. काचेचं अंग, तोंडाशी प्लास्टिकची गोळी आणि पोटावर पांढऱ्या फुलाचं चित्र. ते फूल मी आजवर पाहिलेलं नाही. भरताना एका बाईने मला उजेडात धरलं आणि "ही चांगली आहे" असं म्हणून खोक्यात टाकलं. माझं पहिलं कौतुक ते. आमच्या वाट्याला कौतुक फारसं येत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

मला विकत घेतलं धाकटीने. तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, तिला याच नावाने हाक मारायची. आईबाप गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं. धाकटी एका पार्लरमध्ये केस कापायची. तिथे पहिली दोन वर्षं तिने फरशीवरचे केस झाडले, पुढची दोन गिऱ्हाइकांची डोकी धुतली, आणि मग कुठे तिला खिडकीजवळची तिसरी खुर्ची मिळाली. ती खुर्ची म्हणजे तिचा जीव की प्राण. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती काहीतरी निमित्त काढून जायची आणि खुर्चीचा पाय पुसून यायची.

आता विचार करा, केस कापणारीचे हात दिवसभर वर असतात आणि गिऱ्हाइकाचं नाक बरोबर तिच्या काखेच्या पातळीला. तिथे माझ्याशिवाय तिचं पान हलेल का? सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा, ती मला न चुकता लावायची. "तुम्ही जवळ आलात की कसं प्रसन्न वाटतं हो," असं एक बाई तिला म्हणाल्या. धाकटी लाजली. कौतुक खरं माझं होतं, पण मी चालवून घेतलं.

मग ताईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार सुरू झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या ताई फोनवर काहीबाही वाचू लागली आणि एके दिवशी तिचं लक्ष धाकटीच्या पर्समधून डोकावणाऱ्या माझ्याकडे गेलं.

"हे लावणं बंद कर," ती म्हणाली.

"ताई, आपण डॉक्टरांना विचारलं ना? ते म्हणाले, याने गाठ होते असं काही सिद्ध झालेलं नाही."

"सिद्ध होईपर्यंत काखेत लावून वाट बघणार आहेस का? माझं झालं ते झालं. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय का ग? एवढं एकच मागते."

धाकटीने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. माझ्या पोटात काय आहे ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे, पण स्वतःची पाठ कुणाला वाचता येते? डॉक्टर बरोबर की ताई, मला माहीत नाही. मला एवढंच समजलं, की गरज सरो आणि वैद्य मरो.

पार्लरमध्ये डोकं धुवायच्या बेसिनवर प्रत्येकीचा एक एक खण होता. धाकटीने मला तिच्या खणात मागे ढकललं आणि पुढे एक डबी आणून ठेवली. डबीत घरी कालवलेला लेप होता: खोबरेल तेल, खायचा सोडा आणि कॉर्नफ्लॉवर. झाकणावर धाकटीने स्वतःच्या हाताने 'नैसर्गिक' असं लिहिलं होतं. स्वयंपाकघरातून उठून आलेली ती डबी माझ्यापुढे पाटलिणीसारखी बसली. मी तिचा मनापासून द्वेष केला, ते लपवत नाही. पण सवतीबद्दलही खरं बोलावं. घाम येत होता, वास येत नव्हता. मी वासाच्याच धंद्यातली, मला कळतं.

वास येत होता तो खालून. बेसिनच्या नळीत महिनोन्‌महिने केस अडकले होते आणि ते कुजत होते.

आता या पार्लरची एक रीत सांगते. दारापाशी काचेची बरणी होती. गिऱ्हाइकांनी तक्रार चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायची, पण नाव कुणाचंच लिहायचं नाही. दर सोमवारी शटर उघडण्याआधी मॅडम, म्हणजे मालकीणबाई, फिरत्या खुर्चीत बसून चिठ्ठ्या वाचायच्या. जिला वाटेल की ही तक्रार आपली, तिने आपण होऊन हात वर करायचा. कुणीच हात वर केला नाही, तर सगळ्यांची दुपारची सुट्टी रद्द. यामुळे मुली प्रामाणिक होतात, असं मॅडमचं म्हणणं होतं.

धाकटीने मला सोडल्यावर नवव्या दिवशी सोमवार आला. मॅडमनी चिठ्ठी उलगडली. "डोकं धुताना घाण वास येतो."



"कुणाचं आहे हे? बोला पटकन. नाहीतर आज सगळ्यांनी उभ्या उभ्या जेवा."

धाकटीचे कान लाल झाले. आपल्या गिऱ्हाइकांची डोकी आपण अजून स्वतःच धुतो, तेव्हा त्यांच्या तोंडावरच तर वाकतो, हे तिच्या मनात आलं असणार. नऊ दिवस तिला तीच एक धास्ती होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. तिने हात वर केला.

"मॅडम, माझं असेल. मी हल्ली... ते लावत नाही."

"अगबाई, तरीच!" चिमटी म्हणाली. ही शेजारच्या खुर्चीवर केस वाळवायची. तोंडात कायम चिमटे धरलेले, म्हणून नाव चिमटी. "मला चार दिवस येतोय वास. म्हटलं, कसं बोलायचं!"

चिमटीला चार दिवस सर्दी होती. तिला फिनेलचासुद्धा वास आला नसता. आणि तिचंच कशाला, केस रंगवायच्या औषधांनी त्या पार्लरमधल्या सगळ्यांचीच नाकं केव्हाच कामातून गेली होती. पण धाकटीचा हात वर गेला आणि पाच मिनिटांत सगळ्यांना वास येऊ लागला.

मित्रांनो, पुढचे दिवस मी खणातून पाहिले आणि मला मजा वाटली. धाकटी जवळून गेली की मुली टॉवेल नाकाला लावायच्या. कुणीतरी तिच्या पाठीमागे सुगंधाचा फवारा मारायचं आणि बाकीच्या तोंड दाबून हसायच्या. गिऱ्हाइक तिसऱ्या खुर्चीकडे वळलं की चिमटी हळूच म्हणायची, "इकडे बसा ना, तिकडे तुम्हाला त्रास होईल." धाकटी दिवसातून पाच वेळा काखा घासून धुवायची आणि वर लेप थापायची. आधीच सोड्याने कातडी चुरचुरत होती, घासून घासून ती सोलून निघाली. हात वर करताना ती ओठ चावायची. मी मनात म्हणायची, भोग आता. घे अजून 'नैसर्गिक'.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा तीच तक्रार निघाली. मॅडम म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या बहिणीचं मला वाईट वाटतं. पण मी इथे दुकान उघडलंय, दवाखाना नाही. पुढच्या सोमवारपर्यंत वास गेला पाहिजे. नाहीतर तिसरी खुर्ची चिमटीला, आणि तू पुन्हा झाडूला."

रविवारी गर्दी ओसरल्यावर धाकटी खणाशी आली. डबी बाजूला सारली आणि मला बाहेर काढलं. बराच वेळ ती मला हातात धरून उभी होती. ताईच्या डोक्यावर ठेवलेला हात तिला आठवत असावा. मग डोळे मिटून तिने मला सोललेल्या कातडीवर फिरवलं. ती कळवळली, बेसिनला धरून खाली बसली. मला दया यायला हवी होती, पण तेव्हा आली नाही. आलीस ना माझ्याच दारी, एवढंच मला वाटलं.

सोमवारी चिठ्ठी निघाली. "डोकं धुताना अजून वास येतोच."

"मॅडम, पण मी कालपासून परत लावतेय," धाकटी म्हणाली. तिने हात वर धरला. "तुम्ही स्वतः बघा ना. कुणीतरी वास घेऊन बघा. चिमटी, तू बघ."

एकीनेही पाऊल पुढे टाकलं नाही.

"शी! हात खाली कर आधी," मॅडम म्हणाल्या.

चिमटीने तिथल्या तिथे आपल्या कात्र्या उचलून तिसऱ्या खुर्चीसमोर मांडल्या, आणि धाकटीच्या हातात झाडू दिला.

बुधवारी बेसिन तुंबलं. प्लंबर आला, त्याने नळी उघडली आणि काळ्या, चिकट केसांचा मेलेल्या घुशीएवढा गोळा बाहेर ओढला. मॅडमसकट सगळ्याजणी नाक धरून दाराकडे पळाल्या. प्लंबरने शर्टाची बाही तोंडावर धरली. "बाई, हे कधीपासून असं आहे? आणि कुणाला वास नाही आला?"

चिमटी आपल्या नखांकडे बघत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, हे सगळ्यांना कळलं होतं. धाकटीचा चेहरा तर उजळला. ती मॅडमपाशी गेली.

"मॅडम, म्हणजे तो वास माझा नव्हता. मग आता माझी खुर्ची?"

मॅडमनी रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. "चिमटीचा हात बसलाय ग आता तिथे. सारखे बदल गिऱ्हाइकांना आवडत नाहीत. आणि हात तूच वर केला होतास. मी तुझं नाव घेतलं होतं का?"

धाकटीने फरशी पुसली, गोळा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला, मला पर्समध्ये भरलं आणि भर दुपारी घरी गेली. ताई आदल्याच दिवशी उपचार घेऊन आली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. रविवारपासून धाकटी तिच्या फार जवळ जातच नव्हती, पण आज तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. ती धावत गेली, ताईच्या गळ्यात पडली आणि हुंदके देऊन रडू लागली.

ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास घेतला. दुसऱ्याच क्षणी तिने धाकटीला दूर लोटलं, उशाची बादली ओढली आणि त्यात ओकली. उपचारांनी तिचं नाक फार तिखट झालं होतं, साबणाचा वाससुद्धा तिला सोसत नसे. पार्लरमधल्या दहा नाकांपेक्षा ते एक नाक खरं होतं, आणि त्याला आलेला वास माझा होता.

"तू ते परत लावलंस," ताई म्हणाली.

"ताई, ऐक ना. माझी खुर्ची..."

"दूर बस. आधी दूर बस." ताईने तोंड पुसलं. "एवढी घाई होती? मी जाईपर्यंत तरी थांबायचं होतंस."

आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. धाकटीने तीनदा अंघोळ केली, पण मी सहजासहजी जाणारी नव्हे. कारखान्यात मला तसंच बनवलं आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या गुणाची लाज वाटली.

मित्रांनो, आता मी घरातल्या कचऱ्याच्या डब्यात आहे आणि माझं तोंड सुकलं आहे. माझी एकच विनंती आहे. आम्हाला लावा, नाहीतर फेकून द्या. सोडा लावा, तुरटी लावा, काहीच लावू नका, आम्हाला त्याचं सोयरसुतक नाही. पण एखाद्या माणसाला वास येतो असं चार लोक म्हणाले, तर पाचवं नाक तुमचं असतं. ते नुसतं दाबून धरू नका, त्या माणसाच्या जवळ जाऊन एकदा श्वास घ्या. आमच्या पार्लरमध्ये ते राहून गेलं. धाकटी आता ताईला औषध देते ते दारात उभी राहून, कोपर अंगाशी घट्ट धरून, फक्त पंजा पुढे करून. ताई ते घेते, पण तिच्याकडे बघत नाही.